सक्तीने इनलाइन केल्यावर वॉर्निंग गेली. पण ती का गेली?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमच्या बोर्डसाठीचा लिनक्स ६.६ कर्नल इतके दिवस जीसीसी या कंपायलरने विनातक्रार बिल्ड होत होता. क्लँग १८ या दुसऱ्या कंपायलरवर आल्याबरोबर मॉडपोस्टने, म्हणजे बिल्डमध्ये कर्नलची सेक्शन्स तपासणाऱ्या साधनाने, तुमच्या बिल्ट-इन ड्रायव्हरमधल्या दोन फंक्शन्सवर बोट ठेवले आणि ‘सेक्शन मिसमॅच’ अशी वॉर्निंग दिली: टेक्स्ट सेक्शनमधले (कायम राहणाऱ्या कोडमधले) फंक्शन इनिट डेटा सेक्शनमधल्या (फक्त बूटपुरत्या) चलाकडे पाहते आहे. त्यांतले पहिले फंक्शन चार ओळींचे असून ते एका मास्कमधून (बिटांच्या संचातून) दुसरा मास्क वजा करते. दुसरे चाळीसेक ओळींचे असून ते सेन्सरच्या प्रत्येक चॅनलला सेटिंग्जचा तक्ता जोडून देते. तुमच्या वरिष्ठांनी दोन्हींवर ‘ऑलवेज इनलाइन’ ही खूण, म्हणजे फंक्शन वेगळे न ठेवता त्याचा कोड कॉलच्या जागीच उतरवण्याची कंपायलरला सक्ती, लावायला सांगितली, तुम्ही ती लावली आणि दोन्ही वॉर्निंग गेल्या. आता तुम्ही विचारता की हा उपाय खरा आहे की वरवरचा, आणि खरा असेल तर हेडर फाइलमधल्या सगळ्याच छोट्या फंक्शन्सवर ती खूण एकदाच लावून मोकळे व्हावे का.

आधी निकाल सांगतो, कारणे मागाहून. पहिल्या फंक्शनसाठी तुमच्या वरिष्ठांचा सल्ला बरोबर आहे. दुसऱ्यासाठी तो बहुधा चुकीचा आहे, आणि तिथे नेमका कोणता उपाय करायचा हे त्या तक्त्याचा पत्ता पुढे कुठे जातो यावर अवलंबून आहे; ते कोड पाहिल्याशिवाय मला सांगता येणार नाही, पण तुम्हाला दहा मिनिटांत शोधता येईल. हेडरमधल्या सगळ्या फंक्शन्सवर सरसकट खूण लावण्याच्या विचाराला मात्र माझा स्पष्ट नकार आहे. (कर्नलमधल्या खुणांची नावे मी उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत आणि त्यांच्या आधीच्या दोन अधोरेषा गाळल्या आहेत, हे लक्षात घेऊन पुढचे वाचावे.)

बूट होताना ‘फ्रीइंग अनयूज्ड कर्नल मेमरी’ अशी ओळ तुम्ही शेकडो वेळा पाहिली असेल. ‘इनिट’ खूण लावलेली फंक्शन्स आणि ‘इनिटडेटा’ खूण लावलेली चले लिंकर वेगळ्या सेक्शन्समध्ये एकत्र ठेवतो, आणि बूटचे काम संपले की कर्नल ती सगळी मेमरी इतर वापरासाठी मोकळी करतो. म्हणजे बूटनंतरही जिवंत राहणाऱ्या कोडने त्या मेमरीकडे पाहणे हा अपघात असतो. मॉडपोस्ट हा अपघात आधीच ओळखण्याचा प्रयत्न करतो. त्याची पद्धत अगदी साधी आहे: लिंकरसाठी ठेवलेल्या नोंदी वाचायच्या, आणि टेक्स्टमधून इनिटकडे जाणारा एखादा पत्ता दिसला की ओरडायचे. त्या वाटेने प्रत्यक्ष कोण जाते, केव्हा जाते, हे त्याला कळत नाही. त्याचे बोलणे पुराव्यासारखे घ्यावे; निकाल आपणच द्यायचा असतो.

आता तुमच्या चार ओळींच्या फंक्शनकडे येऊ. त्याच्या आत इनिटडेटा चलाचे नावसुद्धा नाही. दोन्ही मास्क बाहेरून पॉइंटरने येतात. मग टेक्स्टमधल्या त्या फंक्शनात इनिट डेटाचा पत्ता आला कुठून? तो कंपायलरने घातला. ‘स्टॅटिक इनलाइन’ फंक्शन वेगळे ठेवायचे असे कंपायलरने एकदा ठरवले की तो त्या फाइलमधले त्याचे सगळे कॉल पाहतो. प्रत्येक कॉलमध्ये तोच मास्क दिला जातो असे आढळले तर तो विचार करतो की हा पत्ता दर वेळी आर्ग्युमेंट म्हणून कशाला पाठवायचा, तो फंक्शनच्या पोटातच लिहून टाकू. झाले. सामान्य वाटणारे, टेक्स्टमध्ये राहणारे फंक्शन आता इनिट डेटाचा थेट पत्ता पोटात घेऊन बसले. त्याला कॉल करणारे सगळे इनिटमधलेच असल्यामुळे प्रत्यक्षात काहीही बिघडलेले नाही, पण मॉडपोस्टच्या दृष्टीने चोर सापडला.

जीसीसीसुद्धा हेच करतो, मग त्याच्याकडे वॉर्निंग का नव्हती? एक तर त्याने तुमचे फंक्शन मुळात इनलाइन केले असेल. नसेल केले तर दुसरी शक्यता गमतीची आहे: अशी खास प्रत काढताना जीसीसी तिच्या नावाला ‘कॉन्स्टप्रॉप’ असे शेपूट जोडतो, आणि मॉडपोस्टमध्ये त्या शेपटाच्या नावांना इनिट डेटाकडे पाहण्याची सूट लिहून ठेवलेली आहे. सोर्समधल्या टिप्पणीत उदाहरणही ‘सीपीयूमास्क एम्प्टी’ या मास्कच्याच फंक्शनचे दिले आहे. क्लँग असे शेपूट जोडत नाही, नाव जसेच्या तसे ठेवतो, म्हणून ती सूट त्याला लागू होत नाही. तुमचा कोड क्लँगमुळे बिघडलेला नाही. तो जिथे होता तिथेच आहे, फक्त दिसू लागला आहे.

मुख्य कर्नलमध्येही नेमके हेच घडले. बूटच्या वेळी इतर प्रोसेसर समांतरपणे जागे करणाऱ्या इनिट फंक्शनात एक तात्पुरता इनिटडेटा मास्क आहे, आणि त्यावर ‘सीपीयूमास्क अँडनॉट’ हे छोटे फंक्शन चालते. क्लँगने काही कॉन्फिगरेशन्समध्ये ते इनलाइन केले नाही आणि मॉडपोस्टने ‘सीपीयूमास्क अँडनॉट’ला दोषी धरले. तिथे त्याला ‘इनिट’ खूण लावणे शक्यच नव्हते, कारण शेड्युलरपासून ड्रायव्हरपर्यंत सगळे ते बूटनंतरही वापरतात. शेवटी २०२४ मध्ये ६.१२ साठी सीपीयूमास्क, बिटमॅप, बिट शोधणारी फंक्शन्स आणि नोडमास्क या सगळ्या कुटुंबाला ‘इनलाइन’ऐवजी ‘ऑलवेज इनलाइन’ करण्यात आले. तुमचे पहिले फंक्शन याच जातीचे आहे. त्याला स्वतःचा मुक्काम नाही. ते ज्याच्या घरी जाईल त्याच्या घरचे. इनिटमधून कॉल झाले तर ते इनिटचे, टेक्स्टमधून झाले तर टेक्स्टचे. असे फंक्शन कॉल करणाऱ्याच्या अंगातच उतरवणे हा त्याच्या स्वभावाला धरून असलेला उपाय आहे.

इथे ‘इनलाइन’ या शब्दाविषयी एक जुना गैरसमज दूर करायला हवा, कारण तुमच्या वरिष्ठांच्या पिढीतल्या (म्हणजे माझ्याही) अनेकांच्या सवयी त्यातून आल्या आहेत. पूर्वी कर्नलच्या हेडरमध्ये ‘इनलाइन’ या शब्दाचीच व्याख्या सक्तीच्या इनलाइनिंगशी बांधलेली होती. ‘ऑप्टिमाइझ इनलाइनिंग’ नावाचा पर्याय ती सक्ती काढून निर्णय कंपायलरवर सोपवत असे, पण तो दीर्घकाळ एक्स८६ पुरताच होता. २०१९ मध्ये ५.२ पासून तो सगळ्या आर्किटेक्चर्सना खुला झाला, त्याच वर्षी ५.४ मध्ये सर्वांसाठी कायमचा चालू झाला, आणि २०२० मध्ये ५.७ मधून तो पर्यायच काढून टाकला गेला. तेव्हापासून ‘इनलाइन’ ही कंपायलरला केलेली विनंती आहे आणि ‘ऑलवेज इनलाइन’ हा हुकूम. ज्या कोडला हुकूम हवा होता पण विनंतीवर भागत होते, तो सगळा कोड त्या काळात उघडा पडला.

त्या उघड्या पडण्याचे सर्वांत बोलके उदाहरण ३२-बिट एआरएमवरचे आहे. वापरकर्त्याच्या मेमरीतून मूल्य आणणारा ‘गेट यूजर चेक’ हा मॅक्रो ठरावीक मूल्ये आर०, आर१, आर२ या ठरावीक रजिस्टरांत धरून ठेवतो, आणि मध्येच मेमरीची परवानगी उघडण्याचे नि मिटवण्याचे दोन छोटे कॉल येतात. ते इनलाइन असतील तर रजिस्टरांना धक्का लागत नाही. ते खरोखरचे कॉल झाले तर रजिस्टरांत ठेवलेल्या मूल्यांचा पत्ताच उरत नाही. ५.४ च्या तयारीत बीसीएम२८३५ या, म्हणजे पहिल्या रास्पबेरी पायच्या चिपच्या, कॉन्फिगरेशनमध्ये कर्नल बूट होईनासा झाला, कारण त्यात आकार कमी ठेवण्याचे ऑप्टिमायझेशन चालू होते आणि त्या अवस्थेत कंपायलर इनलाइन करायला नाखूश असतो. त्या फंक्शन्सवर सक्तीची खूण लागली तेव्हा गाडी रुळावर आली. लक्षात घ्या, इथे वॉर्निंग नावालाही नव्हती. फंक्शन वेगळे राहिले तर प्रोग्रॅम चुकतो, हे कुठल्याच साधनाला दिसले नाही.

म्हणून मी स्वतः दर वेळी एकच प्रश्न विचारतो: हे फंक्शन वेगळे राहिले, त्याचा स्वतंत्र कॉल झाला, तर नेमके काय चुकते? उत्तर ‘कोडच चुकतो’ असे आले तर सक्ती हवीच. इनलाइन असेंब्लीत ज्या जागी कंपाइलवेळचा स्थिरांकच लागतो, तिथे ते मूल्य आर्ग्युमेंटमधून येत असेल तर फंक्शन वेगळे राहताच ‘इम्पॉसिबल कन्स्ट्रेंट’ अशी एरर मिळते. स्टॅटिक ब्रँचचे आतले फंक्शन सक्तीने इनलाइन असते ते यासाठीच, आणि पॉवरपीसीच्या टीएलबी (मेमरीच्या पत्त्यांच्या भाषांतराची कॅश) पुसणाऱ्या काही फंक्शन्सवर २०१९ मध्ये ही खूण लागली तीही यासाठीच. ‘नोइन्स्ट्र’ या खुणेचेही तसेच आहे. २०२० मध्ये ५.८ पासून कर्नलच्या प्रवेशद्वारावरचा, म्हणजे सिस्टम कॉल आणि एक्सेप्शन आत येताना चालणारा कोड ट्रेसिंग आणि सॅनिटायझर यांच्यापासून अलिप्त ठेवला जातो. तिथून एखादे साधे ‘इनलाइन’ फंक्शन वेगळे पडले तर ऑब्जटूल (बिल्ड झालेला कोड तपासणारे साधन) ‘हा कॉल नोइन्स्ट्र टेक्स्ट सोडून बाहेर जातो’ असे सांगतो, आणि ते खरे असते. कॅसॅनसारखी मेमरीतल्या चुका पकडणारी साधने फंक्शनचे अंग फुगवतात, त्यामुळे नेमक्या त्याच बिल्डमध्ये कंपायलर इनलाइन करायचे नाकारतो. एक्स८६ वर वापरकर्त्याच्या मेमरीची परवानगी उघडी असताना होणाऱ्या कॉलविषयी ऑब्जटूल जी तक्रार करतो, तीही याच कुळातली.

उत्तर ‘काही चुकत नाही, साधनाचा गैरसमज होतो, आणि खरी खूण लावायला जागाच नाही’ असे आले, तर तेही सक्तीचे रास्त कारण आहे. तुमचे पहिले फंक्शन इथे बसते.

पण उत्तर ‘फंक्शनावर किंवा चलावर हवी ती खूणच नाही’ असे आले, तर इनलाइनिंगचा विषय तिथेच संपतो. २०१९ च्या त्याच बदलाच्या मालिकेत पॉवरपीसीच्या ‘प्रॉम गेटप्रॉप’ आणि तिच्या जोडीदार फंक्शनची वॉर्निंग होती. ती फंक्शन्स फक्त बूटवेळचीच होती, म्हणून त्यांना सरळ ‘इनिट’ खूण लावली गेली. त्याच मालिकेत व्हीएफ६१० च्या नँड ड्रायव्हरमध्ये ‘चल कदाचित आरंभमूल्याविना वापरले जाते’ अशी वॉर्निंग उगवली, कारण एक छोटे फंक्शन वेगळे पडल्यावर कंपायलरला आतली वाट दिसेनाशी झाली. तिथे चलाला आरंभमूल्य दिले आणि विषय संपला. या दोन्ही ठिकाणी सक्तीचे इनलाइनिंग चालले असते, वॉर्निंगही गेली असती. तरी ते केले नाही, आणि माझ्या मते बरोबर केले नाही.

खूण लावणेही नेहमी सोपे नसते हे कबूल करतो. मेमब्लॉक या बूटवेळी मेमरी वाटणाऱ्या भागातल्या, वरून की खालून मेमरी द्यायची हे ठरवणाऱ्या दोन एकओळी फंक्शन्सना क्लँग १३ ने इनलाइन करणे सोडले, तेव्हा २०२१ मध्ये त्यांना ‘इनिट’ खूण लावली. ती चुकली, कारण काही आर्किटेक्चर्स मेमब्लॉक बूटनंतरही ठेवतात. लगेच दुसरा पॅच आला आणि खूण ‘इनिट मेमब्लॉक’ झाली. ती कॉन्फिगरेशनप्रमाणे इनिट ठरते किंवा ठरत नाही. पहिला पॅच चुकला तरी वॉर्निंगने पुन्हा हाक मारली आणि चूक सापडली. खुणेचा हा गुण मला फार मोलाचा वाटतो: ती खोटी ठरली तर मॉडपोस्ट सांगतो. सक्तीचे इनलाइनिंग चुकीच्या जागी केले तर सांगणारे कोणी उरत नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी ३२-बिट एआरएम बोर्डसाठीच्या एका ड्रायव्हरचे काम माझ्याकडे होते. टूलचेन क्लँगवर नेताना तुमच्यासारखीच वॉर्निंग आली. तीसेक ओळींचे एक स्टॅटिक फंक्शन होते, दोन चॅनलसाठी इनिटमधून दोनदा कॉल होणारे, दोन्ही वेळा तोच कॅलिब्रेशनचा तक्ता घेणारे. तक्त्यावर इनिटडेटाची खूण होती. मी फंक्शनावर ‘ऑलवेज इनलाइन’ लावले, वॉर्निंग गेली, पॅच गेला. पॅच माझाच होता, दोष दुसऱ्या कोणाला देता येत नाही.

त्याच रिलीजमध्ये सस्पेंड आणि रिझ्यूमची सोय नव्याने आली होती. बोर्ड झोपून उठला की सेन्सरचे आकडे हास्यास्पद येऊ लागले. रिझ्यूममध्ये गुणक छापून पाहिले तर बाराही गुणक सारखेच होते: ३८९२१७४५७६. दोन दिवस मी सेन्सर जोडणाऱ्या आयटूसी बसच्या मागे लागलो होतो. तिसऱ्या दिवशी एका सहकाऱ्याने तो आकडा षोडशमान पद्धतीत लिहून पाहायला सांगितले, आणि ‘ई७एफडीडीईएफ०’ असे दिसताच डोक्यात प्रकाश पडला. ३२-बिट एआरएमवर कर्नल इनिट मेमरी मोकळी करण्याआधी ती याच मूल्याने भरून टाकतो. ती अवैध सूचना आहे, म्हणजे कोणी चुकून मोकळ्या झालेल्या कोडकडे उडी मारली तर लगेच आपटावे. माझा तक्ता केव्हाच मोकळा झाला होता, आणि ज्या फंक्शनला मी इनलाइन केले ते त्या तक्त्याचा पॉइंटर डिव्हाइसच्या स्ट्रक्चरमध्ये जपून ठेवत होते. काही बोर्डांवर बारा गुणक बारा तऱ्हांचे यायचे, कारण तिथे ते पान तोवर दुसऱ्या कोणीतरी वापरायला घेतलेले असे.

आता यात सक्तीच्या इनलाइनिंगने काय केले ते नीट पाहा. तक्त्याचा पत्ता आधी टेक्स्टमध्ये होता, म्हणून मॉडपोस्ट ओरडला. फंक्शन इनिटच्या अंगात उतरल्यावर तोच पत्ता इनिट टेक्स्टमध्ये गेला. इनिटने इनिटकडे पाहणे कायदेशीर, म्हणून मॉडपोस्ट गप्प बसला. रिझ्यूम फंक्शन तक्त्याला नावाने ओळखतच नाही, ते स्ट्रक्चरमधल्या पॉइंटरमधून जाते. ती वाट मॉडपोस्टला आधीही दिसत नव्हती. म्हणजे वॉर्निंग चुकीच्या कारणाने आली होती, पण योग्य दारावर आली होती, आणि मी तिला दारातूनच परत पाठवले. अखेरचा उपाय एका ओळीचा होता: तक्त्यावरची इनिटडेटा खूण काढून त्याला ‘कॉन्स्ट’ केले. बारा गुणक, प्रत्येकी चार बाइट. अठ्ठेचाळीस बाइट वाचवायला गेलो आणि तीन दिवस घालवले.

तुमच्या मनात प्रश्न येईल की फंक्शन टेक्स्टमधूनही कॉल होत असते तर? तेव्हा इनलाइन करूनही वॉर्निंग जात नाही. ती फक्त घर बदलते आणि कॉल करणाऱ्याच्या नावाने येते. हे चांगले लक्षण समजावे. खूण लावल्यावर वॉर्निंग दुसऱ्या नावाने परत आली, तर ते नवे नाव खऱ्या चुकीच्या एक पाऊल जवळचे असते.

सरसकट खुणेला माझा विरोध का आहे, तेही सांगतो. कर्नलच्या कोडिंग स्टाइलमध्ये ‘इनलाइनचा आजार’ अशाच नावाचे पंधरावे प्रकरण आहे आणि त्यात ढोबळ नियम असा दिला आहे की तीन ओळींपेक्षा मोठ्या फंक्शनवर इनलाइन लावू नये. आर्ग्युमेंट कंपाइलवेळी स्थिर असल्याची खात्री असेल तिथे अपवाद. आकार वाढतो, कॅशवर ताण येतो, हे झालेच. त्याहून मला खुपणारी गोष्ट म्हणजे स्टॅक. चाळीस ओळींच्या फंक्शनातले मोठे स्थानिक चल कॉल करणाऱ्याच्या फ्रेममध्ये येऊन बसते आणि ‘फ्रेम साइझ २०४८ बाइटपेक्षा मोठा’ ही दुसरीच वॉर्निंग घेऊन येते. ६४-बिट कर्नलमध्ये ही मर्यादा सहसा एवढीच असते. कर्नलमध्ये ‘नोइनलाइन फॉर स्टॅक’ नावाची उलट खूण आहे ती याचसाठी. शिवाय इनलाइन झालेल्या फंक्शनवर केप्रोब (चालू कर्नलमधले फंक्शन तपासण्याचा सापळा) त्या फंक्शनच्या नावाने लावता येत नाही. रात्री दोन वाजता फील्डमधल्या बोर्डचा प्रश्न सोडवताना हवे ते फंक्शन चिन्हांच्या यादीतच नसणे म्हणजे काय, हे ज्याने अनुभवले आहे तो हा हुकूम जपून वापरतो. सक्तीलाही मर्यादा आहेत: फंक्शन स्वतःलाच कॉल करत असेल आणि इनलाइन करणे शक्य नसेल तर जीसीसी एरर देऊन बिल्ड थांबवतो. विंडोजच्या ड्रायव्हरविश्वात ‘फोर्सइनलाइन’ लिहूनही मायक्रोसॉफ्टचा कंपायलर नाकारू शकतो आणि सी४७१४ ही वॉर्निंग देतो, तेव्हा हा शब्द जगभर एकाच ताकदीचा आहे असेही समजू नये.

पडताळणीसाठी मी काय करतो ते थोडक्यात लिहितो. आधी वॉर्निंगसह बिल्ड ठेवून एनएमने (चिन्हांची यादी दाखवणाऱ्या साधनाने) पाहतो की संबंधित फंक्शन खरोखर वेगळे उभे आहे का आणि ऑब्जडम्पमध्ये (मशीन कोड उलगडून दाखवणाऱ्या साधनात) त्याच्या पोटात कोणता पत्ता आहे. मग बदल करून ते चिन्ह गेल्याची खात्री करतो आणि कर्नलच्याच स्क्रिप्ट्समधल्या ब्लोट-ओ-मीटरने आकारातला फरक काढतो. बिल्ड जीसीसी आणि क्लँग या दोन्हींनी, आणि एकदा आकार कमी ठेवण्याच्या पर्यायाने करतो. ‘डीबग सेक्शन मिसमॅच’ हा कॉन्फिग पर्याय एकदा तरी चालू करून पाहावा: तो एकदाच कॉल होणाऱ्या फंक्शन्सचे आपोआप होणारे इनलाइनिंग बंद करतो आणि त्यामुळे एरवी झाकलेले संबंध वर येतात. नवीन वॉर्निंग दिसतील. घाबरू नका, त्या आधीपासून तिथेच होत्या. आणि कमिट मेसेजमध्ये ‘वॉर्निंग घालवली’ एवढेच न लिहिता, फंक्शन वेगळे राहिले तर काय होते आणि ‘इनिट’ खूण का लावता येत नाही, ही दोन वाक्ये लिहा. ती दोन वाक्ये लिहिता आली नाहीत तर पॅच अजून तयार नाही असे मी तरी धरतो.

आता तुमचे दुसरे फंक्शन. त्यात शोधायची गोष्ट एकच आहे: तक्त्याचा पत्ता, किंवा तक्त्यातल्या एखाद्या ओळीचा पत्ता, चॅनलच्या स्ट्रक्चरमध्ये साठवला जातो का. साठवला जात असेल आणि रिझ्यूम, इंटरप्ट, सिसएफएस किंवा आयओसीटीएल यांपैकी कोणतीही वाट नंतर तो वाचत असेल, तर तक्त्यावरची इनिटडेटा खूण काढा. तक्ता खरोखर मोठा असेल आणि त्यातला थोडाच भाग लागत असेल तर तेवढा भाग केमेमडप या प्रत काढणाऱ्या फंक्शनने स्वतंत्र मेमरीत घ्या. पत्ता साठवला जात नसेल, मूल्ये वाचून तिथेच रजिस्टरांत लिहिली जात असतील आणि फंक्शन फक्त इनिटमधून कॉल होत असेल, तर फंक्शनालाच ‘इनिट’ खूण लावा. चाळीस ओळींचा कोडही बूटनंतर मोकळा होईल, आणि उद्या कोणी ते टेक्स्टमधून कॉल केले तर मॉडपोस्ट त्याला अडवेल. फंक्शन बूटनंतर, उदाहरणार्थ सेन्सर पुन्हा जोडल्यावर, कॉल होत असेल तर तक्ता इनिटडेटा असूच शकत नाही. या तिन्हींपैकी एकाही परिस्थितीत ‘ऑलवेज इनलाइन’ला काम उरत नाही, म्हणून ती खूण तिथून आजच काढा, वॉर्निंग परत येऊ द्या, आणि पॉइंटर कुठे साठवला जातो ते पाहून वरच्यापैकी एक बदल करा. पहिल्या फंक्शनावरची खूण तशीच राहू द्या. ते मास्कचे फंक्शन तुम्ही स्वतः लिहिले असेल तर कर्नलमधले तयार बिटमॅपचे फंक्शन वापरता येते का हेही जाता जाता बघा.